रुग्णवाहिका नेमकी कुठे आहे?

अपघात होतो, कोणीतरी फोन लावतो. नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसाला त्या क्षणी एकाच प्रश्नाचे उत्तर हवे असते : सर्वांत जवळची मोकळी रुग्णवाहिका कोणती? प्रश्न साधा आहे, पण उत्तर मिनिटागणिक बदलते. एक गाडी नुकतीच निघालेली असते, दुसरी रुग्णाच्या दारात उभी असते, तिसरी रुग्णालयात रुग्ण उतरवून मोकळी होत असते. संगणकाला हे चित्र आपोआप दिसत नाही. ‘निघालो’, ‘पोहोचलो’, ‘रुग्ण घेतला’, ‘रुग्णालयात आलो’, ‘मोकळे झालो’ अशा एकेका बातमीतून ते उभे करावे लागते.

संगणकशास्त्रात अशा प्रत्येक बातमीला ‘इव्हेंट’, म्हणजे घटना म्हणतात. घटना घडली की ती कळवायची आणि ज्याचा तिच्याशी संबंध आहे त्याने आपापले काम करायचे, या तत्त्वावर बांधलेली प्रणाली ती घटनाधारित प्रणाली. मोबाइलवरून पैसे पाठवणे, टॅक्सी बोलावणे, अतिदक्षता विभागातील मॉनिटरने परिचारिकेला सावध करणे, या सगळ्यांमागे कमीअधिक प्रमाणात हीच रचना असते. ती वेगवान असते आणि वाढवायला सोपी असते. मात्र तिच्या पोटात एक गृहीतक दडलेले असते : जे घडले ते कळेलच, एकदाच कळेल, वेळेवर कळेल आणि खरे कळेल. हे गृहीतक कोसळले तर काय होते, हे लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने १९९२ मध्ये अनुभवले. त्या घटनेला तीन दशके उलटली तरी सॉफ्टवेअर अभियांत्रिकीच्या वर्गांत ती आजही शिकवली जाते.

विचारायचे की कळवायचे?

रुग्णालयात रक्ततपासणीचा अहवाल हवा असलेला नातेवाईक दर अर्ध्या तासाने प्रयोगशाळेच्या खिडकीशी जाऊन ‘झाला का?’ असे विचारतो. बहुतेक वेळा उत्तर ‘अजून नाही’ असेच असते. विचारणाऱ्याची पायपीट होते आणि उत्तर देणाऱ्याचा वेळ जातो. त्याऐवजी अहवाल तयार होताच प्रयोगशाळेनेच कळवले तर दोघेही सुटतात. संगणकांचेही असेच असते. एका संगणकाने दुसऱ्याला सतत विचारत राहायचे, ही जुनी पद्धत. काही घडले की कळवायचे, ही घटनाधारित पद्धत.

तिचा मोठा फायदा मोठ्या संस्थेत दिसतो. रुग्णाला घरी सोडले, ही एकच घटना. पण ती अनेकांच्या कामाची असते. बिलाच्या विभागाला हिशेब बंद करायचा असतो, औषधालयाला उरलेली औषधे थांबवायची असतात, स्वयंपाकघराला रात्रीचे जेवण कमी करायचे असते, सफाई कर्मचाऱ्यांना खाट तयार करायची असते. ‘रुग्ण घरी गेला’ एवढे एकदा जाहीर केले की पुढचे ज्याचे तो पाहतो. उद्या आणखी एखादा विभाग जोडायचा झाला, तर तोही ही बातमी ऐकू लागतो. जाहीर करणाऱ्याला काहीच बदलावे लागत नाही.

आरोग्य क्षेत्राने ही कल्पना लवकर उचलली. रुग्णालयांतील संगणकांनी एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलावे हे ठरवणारी ‘एचएल७’ ही संस्था अमेरिकेत १९८७ मध्ये स्थापन झाली. तिच्या संदेशांची रचनाच घटनांवर बेतलेली आहे. रुग्ण दाखल झाल्याचा संदेश ‘ए०१’, एका विभागातून दुसऱ्या विभागात हलवल्याचा ‘ए०२’ आणि घरी सोडल्याचा ‘ए०३’. हे संकेत आजही जगभरातील असंख्य रुग्णालयांच्या संगणकांतून फिरत असतात.

पट्ट्यापाशी बसलेला माणूस

१९९२ पूर्वी लंडनच्या रुग्णवाहिका सेवेचे काम कागदावर चालत असे. सुमारे ६०० चौरस मैलांचा परिसर, जवळपास ६८ लाख रहिवासी आणि रोज दोन ते अडीच हजार फोन, असा हा व्याप होता. फोन घेणारा कर्मचारी छापील अर्जावर तपशील लिही आणि तो अर्ज सरकत्या पट्ट्यावर ठेवी. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेला सहकारी अर्ज उचलून पाही आणि शहराच्या तीन विभागांपैकी कोणाकडे द्यायचा ते ठरवी. विभागाचा वाटपकार आपल्याकडच्या गाड्यांच्या नोंदी पाहून गाडी नेमून देई. फोन आल्यापासून तीन मिनिटांत गाडी निघावी, अशी अपेक्षा होती.

या पद्धतीत दोष होते. कागद इकडचा तिकडे होई, पत्ता शोधण्यात वेळ जाई, गाडी कुठे आहे हे वायरलेसवर विचारत बसावे लागे. संगणक आणण्याचा विचार त्यामुळे योग्यच होता. पण पट्ट्याच्या टोकाला बसलेला माणूस आणखी एक काम करत होता. एकाच अपघाताबद्दल तीन जणांनी फोन केले, तर तीन अर्ज त्याच्या हातात येत आणि ‘हे तर एकच प्रकरण’ असे त्याच्या लक्षात येई. वाटपकारही एखादी गाडी बराच वेळ गप्प आहे हे ओळखून चौकशी करत. त्यांची ही सवय, अनुभव आणि शेजारच्याला हाक मारून खात्री करून घेणे यावर ती कागदी पद्धत तरून जात होती.

नव्या प्रणालीचे कंत्राट सर्वांत कमी बोलीला, दहा लाख पौंडांहून थोड्या कमी रकमेला दिले गेले आणि मुदतही अतिशय तुटपुंजी होती. कल्पना मात्र मोठी होती. प्रत्येक गाडीत एक यंत्र बसवलेले असेल, गाडी कुठे आहे ते आपोआप कळेल, चमूने फक्त टप्प्याटप्प्याला बटणे दाबायची आणि जवळची गाडी संगणकच निवडेल. कागद जवळजवळ संपणार होता. थोडक्यात, ही पूर्णपणे घटनांवर उभी असलेली प्रणाली होती.

२६ ऑक्टोबर १९९२

त्या दिवशी संपूर्ण लंडनसाठी प्रणाली एकाच दमात सुरू झाली. ८१ ज्ञात दोष दुरुस्त व्हायचे बाकी होते आणि पूर्ण भाराखाली चाचणी झालेली नव्हती. नियंत्रण कक्षाची मांडणीही बदलली होती. वर्षानुवर्षे शेजारी बसून काम करणारे लोक वेगवेगळ्या जागी गेले होते आणि हाताशी कागद नव्हता.

सकाळी फोन कमी होते, तोवर निभावले. मग चुकांची साखळी सुरू झाली. शहराच्या काही भागांत वायरलेस पोहोचत नसे, त्यामुळे काही संदेश आलेच नाहीत. कुठे यंत्र बिघडले. कुठे रुग्णाला सांभाळण्याच्या घाईत चमूकडून बटण दाबायचे राहिले, तर कुठे चुकीच्या क्रमाने दाबले गेले. परिणामी गाडी प्रत्यक्षात मोकळी असूनही संगणकाच्या लेखी अडकलेली राहिली, आणि कुठे याच्या उलट झाले. चित्रच चुकीचे असल्याने निवड चुकू लागली. एकाच ठिकाणी दोन गाड्या गेल्या. जवळची सोडून लांबची धाडली गेली.

आपल्याला काहीतरी विसंगत दिसते आहे, हे संगणकाला कळत होते. अशा प्रत्येक वेळी तो कर्मचाऱ्यांसाठी सूचना तयार करी. सूचना इतक्या झाल्या की यादी पडद्यावरून वर सरकून दिसेनाशी होऊ लागली आणि लक्ष देण्याजोगे फोनही तिच्यासोबत नजरेआड झाले. सूचनांच्या ओझ्याने प्रणाली मंदावली. गाडी येत नाही म्हणून लोक पुन्हा पुन्हा फोन करू लागले आणि त्या फोनांनी गर्दीत भर घातली. चमू वैतागून वायरलेसवर बोलू लागले, त्यामुळे वायरलेस तुंबला, आणि तो तुंबल्यावर बटणांचे संदेश पोहोचणे आणखी कठीण झाले. प्रत्येक चूक पुढच्या चुकीला खतपाणी घालत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी संगणकावर फोन घेऊन कागदावर गाड्या नेमायच्या, अशा अर्ध्या जुन्या पद्धतीकडे सेवा वळली. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी राजीनामा दिला. विलंबामुळे अनेक रुग्ण दगावल्याचे दावे वृत्तपत्रांत झाले. ते सिद्ध झाले नाहीत. पण मदतीची वाट पाहत ताटकळलेल्या कुटुंबांची भीती खरी होती.

त्यानंतर ४ नोव्हेंबरला पहाटे दोनच्या सुमारास उरलेली प्रणालीही बंद पडली. तिचे कारण निराळे होते. सुमारे तीन आठवड्यांपूर्वी केलेल्या बदलात प्रोग्रामचा एक तुकडा राहून गेला होता. गाडी रवाना होण्याच्या प्रत्येक घटनेला तो सर्व्हरच्या स्मृतीतली थोडी जागा व्यापायचा आणि परत करायचा नाही. थेंबाथेंबाने जागा संपली. मदतीला ठेवलेला दुसरा सर्व्हरही कामी आला नाही. कर्मचाऱ्यांनी पुन्हा कागद आणि लेखणी हाती घेतली.

फेब्रुवारी १९९३ मध्ये चौकशी अहवाल आला. त्यातील एक निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे : २६ आणि २७ ऑक्टोबरला संगणक तांत्रिक अर्थाने बंद पडलाच नव्हता. तो मंदावला, पण बव्हंशी त्याला जे करायला बांधले होते तेच तो करत होता. दोष आखणीतच होता. गाड्यांची खरी आणि संपूर्ण माहिती सतत मिळत राहील, असे तिने धरून चालले होते.

चार वाकड्या घटना

आज घटनाधारित प्रणाली आखणारे अभियंते सुरुवातच उलट टोकाकडून करतात. सरळ मार्गाने आलेली घटना सांभाळणे सोपे असते. कस लागतो तो चार प्रकारच्या वाकड्या घटनांशी.

पहिली, न आलेली घटना. गाडीकडून संदेश आला नाही, याचा अर्थ गाडी जिथे होती तिथेच आहे असा होत नाही. म्हणून चांगल्या प्रणालीत शांततेलाही मुदत असते. ठरावीक वेळात खबर आली नाही, तर त्या गाडीची स्थिती ‘अज्ञात’ अशी दाखवली जाते आणि कोणीतरी तिला विचारते. जुनी माहिती ताजी म्हणून मिरवणे हा सर्वांत घातक दोष.

दुसरी, दोनदा आलेली घटना. पोहोच मिळाली नाही म्हणून यंत्र तोच संदेश पुन्हा पाठवते. पैशांच्या व्यवहारात यामुळे खात्यातून दोनदा रक्कम जाऊ शकते. उपाय असा की प्रत्येक घटनेला स्वतःचा क्रमांक द्यायचा आणि तो क्रमांक आधी हाताळला असेल तर पुन्हा काही करायचे नाही. लिफ्टचे बटण दहा वेळा दाबले तरी लिफ्ट एकदाच येते, तसे. एका अपघाताचे तीन फोन ओळखणे याहून अवघड, कारण प्रत्येकजण पत्ता आपापल्या शब्दांत सांगतो. तिथे संगणकाने संशय दाखवावा आणि निर्णय माणसाने घ्यावा, हेच बरे.

तिसरी, क्रम चुकून आलेली घटना. ‘मोकळे झालो’ आधी पोहोचले आणि ‘रुग्ण घेतला’ मागाहून, तर मोकळी गाडी अडकलेली दिसेल. म्हणून घटना केव्हा घडली आणि केव्हा कळली, या दोन वेळा वेगळ्या नोंदवाव्या लागतात.

चौथी, म्हणजे घटनांचा पूर. सगळेच तातडीचे असेल तर कशालाच तातडी उरत नाही. अतिदक्षता विभागात काम करणाऱ्यांना हे चांगले ठाऊक आहे. मॉनिटर, सलाइनचे पंप, व्हेंटिलेटर सतत वाजत राहतात, त्यातले बरेच इशारे निरर्थक असतात आणि हळूहळू कान बधिर होतात. अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या ‘जॉइंट कमिशन’ने २०१३ मध्ये याबद्दल सावधगिरीचा इशारा दिला. जानेवारी २००९ ते जून २०१२ या काळात या संस्थेकडे अशा इशाऱ्यांशी निगडित ९८ गंभीर घटनांची नोंद झाली होती आणि त्यांतील ८० रुग्ण दगावले होते. लंडनच्या पडद्यावरून सरकून गेलेली यादी आणि परिचारिकेला ऐकू न आलेला बीप, ही एकाच दुखण्याची दोन रूपे. घटना वेगवेगळ्या रांगांत लावणे, महत्त्वाची पुढे घेणे आणि ज्यावर कोणी काहीच करणार नाही असा इशारा मुळात न वाजवणे, हे त्यावरचे उपचार.

सातबारा आणि फेरफार

घटनांकडे पाहण्याचा आणखी एक दृष्टिकोन गेल्या दशकभरात रुजला. त्याची ओळख महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला वेगळी करून द्यायला नको. सातबारा पाहिला की जमीन आज कोणाच्या नावावर आहे ते कळते. पण ती त्या नावावर कशी आली, हे पाहायला गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही उघडावी लागते. विक्री, वारस, वाटणी, बोजा यांची एकेक नोंद तिथे क्रमाने असते. वाद झाला की सगळे फेरफारच काढतात. दुकानदाराच्या रोजकीर्द आणि खतावणीचेही हेच नाते. रोजकीर्दीत झालेला व्यवहार खोडत नाहीत; चूक झाली तर उलट नोंद करतात.

बहुतेक संगणकप्रणाली वर्षानुवर्षे फक्त सातबारा सांभाळत आल्या. नवी माहिती आली की जुनी पुसायची. घटनाधारित विचारात नोंदवही मुख्य ठरते. प्रत्येक घटना क्रमाने लिहायची, पुसायची नाही; आजची स्थिती त्या नोंदींवरून केव्हाही काढता येते. काल रात्री दोन वाजता कोणती गाडी कुठे होती, हे सहा महिन्यांनी चौकशीतही सांगता येते.

या विचाराला मोठे बळ दिले ‘काफ्का’ या सॉफ्टवेअरने. ‘लिंक्डइन’मध्ये वाढत्या माहितीच्या ओघाला तोंड देण्यासाठी जे क्रेप्स, नेहा नारखेडे आणि जुन राव यांनी ते घडवले. नारखेडे मूळच्या पुण्याच्या. अभियांत्रिकीचे शिक्षणही त्यांनी पुण्यातच घेतले आणि पुढच्या शिक्षणासाठी त्या अमेरिकेला गेल्या. काफ्का २०११ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. या तिघांनी २०१४ मध्ये ‘कॉन्फ्लुएंट’ ही कंपनी काढली. काफ्काच्या मुळाशी आहे ती एक लांबलचक नोंदवही. घटना तिच्या शेवटी लिहिल्या जातात आणि वाचणारा प्रत्येकजण आपण कुठवर वाचले याची खूण ठेवून आपल्या वेगाने पुढे जातो. एक वाचक मागे पडला तरी बाकीचे खोळंबत नाहीत आणि त्याचेही काही हरवत नाही. ठरवून दिलेल्या मुदतीपर्यंत नोंदी तिथेच असतात.

अर्थात, याची किंमतही मोजावी लागते. बातमी सगळ्यांपर्यंत एकाच क्षणी पोहोचत नाही, त्यामुळे काही क्षण दोन पडद्यांवर दोन वेगळी चित्रे असू शकतात. चूक कुठे झाली हे शोधणेही अवघड जाते, कारण एक घटना दहा ठिकाणी गेलेली असते. जिथे एकच विभाग, थोडे काम आणि लगेच उत्तर हवे, तिथे साधी विचारण्याची पद्धतच बरी. शिवाय नोंदवही कितीही चोख असली, तरी तिच्यात लिहिलेले खरे आहे की नाही हे तिला कळत नाही. चुकीचे बटण दाबले, तर ते चुकीचे बटणही ती तितक्याच निष्ठेने जपून ठेवते.

पुन्हा उभारणी

लंडनच्या सेवेने संगणकाचा नाद सोडला नाही. १९९६ मध्ये नवी प्रणाली आली, पण वेगळ्या चालीने. ती घरच्याच मंडळींनी उभारली, कर्मचाऱ्यांना विचारून आखली आणि एकेक टप्पा पक्का झाल्यावरच पुढचा सुरू केला. आधी फोनची नोंद पडद्यावर आली. संगणकाला अधिक जबाबदारी मागाहून मिळाली.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून सुरू आहे. रुग्णालये, पोलीस, अग्निशमन दल, महापालिका या सर्वांच्या कामात घटनांवर चालणारी यंत्रणा येत आहे आणि येत राहील. ती विकत घेणारे बहुतेकदा संगणकतज्ज्ञ नसतात. ते डॉक्टर असतात, अधिकारी असतात, विश्वस्त असतात. विक्रेत्याच्या सादरीकरणात सगळी बटणे वेळेवर दाबली जातात. म्हणून त्यांनी काही साधे प्रश्न विचारायलाच हवेत. संदेश आला नाही तर पडद्यावर काय दिसेल? तोच संदेश दोनदा आला तर? एका तासात नेहमीच्या दहापट घटना आल्या तर कोणती आधी दिसेल? हे सगळे बंद पडले तर कागद कुठे ठेवला आहे, आणि तो कसा भरायचा हे किती जणांना येते?

आणखी एक प्रश्न विचारावा : ही यंत्रणा येण्याआधी हे काम कोण करत होते आणि त्याच्या लक्षात काय येत असे? लंडनमध्ये पट्ट्याच्या टोकाला बसून एकसारखे अर्ज वेगळे काढणाऱ्या माणसाचे हे काम कोणत्याच नियमावलीत ठळकपणे लिहिलेले नसावे. ते आधी समजून घेतले असते, तर नव्या प्रणालीची आखणी वेगळी झाली असती.